वयाच्या ४३व्या वर्षी 'आपल्यामागे काय राहणार' हा प्रश्न छळायला लागला तर

तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा नीट वाचला. आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ४३. ऑफिसमध्ये शेजारच्या टेबलावर बसणारा, तुमच्याच वयाचा सहकारी सहा महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकने अचानक गेला, आदल्या संध्याकाळी तुम्ही दोघं एका साध्या रिपोर्टवरून वाद घालत होतात. तेव्हापासून रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. त्याने शिकवलेला एक्सेलचा शॉर्टकट वापरताना अजून हात थांबतो असंही तुम्ही लिहिलंय. मूलबाळ नाही, त्यामुळे 'आपण गेलो की संपलंच, नाव घेणारं कोणी नाही' असं वाटतं, नोकरी निरर्थक वाटते, ती सोडून काहीतरी अर्थपूर्ण करावं का असं विचारताय, पण घरात आई आहे आणि कर्जाचे हप्ते आहेत. आणि अगदी शेवटी एका ओळीत, की बायकोपुढे हा विषय काढला की ती उठून आत जाते. ज्यांचा मृत्यूशी रोजचा संबंध येतो त्यांनी यावर काहीतरी सांगावं असं तुमचं म्हणणं.

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये डॉक्टर आहे. म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा पेशंटचा त्रास कमी करायचा आणि त्यांना आणि घरच्यांना शेवटपर्यंत सोबत करायची, हे माझं काम, बरीच वर्षं हेच करतेय. खाली पेशंटबद्दल जे लिहिलंय त्यात ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सगळ्यात आधी झोपेचं. धक्क्यानंतर काही आठवडे झोप उडणं स्वाभाविक आहे, पण सहा महिने अपरात्री जाग येणं, कशात रस न वाटणं, सगळं निरर्थक वाटणं हे डिप्रेशनमध्येही हुबेहूब असंच दिसतं, आणि स्वतःचं स्वतःला त्यातलं काय चाललंय हे ओळखता येत नाही. तेव्हा एकदा डॉक्टरला भेटाच. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, गरज वाटली तर हृदयाची तपासणी तेव्हाच करून घ्या म्हणजे 'आपलंही तसंच झालं तर' या भीतीला काहीतरी खरं उत्तर मिळेल (मात्र मग दर महिन्याला तपासत बसायचं नाही). आणि मरणाचा विचार मनात येणं वेगळं आणि मरून जावंसं वाटणं वेगळं. दुसरं कधी डोकावलं तर त्याच दिवशी कोणाशी तरी बोला, या उत्तराच्या भरवशावर बसू नका. उपचार घेतले म्हणून हे प्रश्न खोटे ठरत नाहीत, पण झोप लागायला लागली की त्यांच्याकडे बघण्याइतकी ताकद येते, हे मी फार वेळा पाहिलंय.

आता मूळ मुद्दा. मी पेशंटला 'मरणाची भीती वाटते का' असं विचारत नाही, 'नेमकं कशाचं वाटतं' असं विचारते, कारण मरणाची भीती म्हणून जे काही सांगितलं जातं त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. कोणाला वेदनेचं भय असतं. कोणाला आपण नसणार या कल्पनेचंच. कोणाला मागे राहणाऱ्यांची काळजी असते, आईचं काय, हप्त्यांचं काय. आणि काहींना असं वाटतं की आपण असलो काय नसलो काय, कोणाला काही फरक पडला नाही. तुमच्या लिहिण्यात मला ही शेवटची सगळ्यात जास्त दिसते, थोडी तिसरी.

वेदनेबद्दल थोडक्यात सांगून टाकते, कारण रात्री अडीच वाजता डोक्यात जी चित्रं येतात ती बहुतेक याचीच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेवर पायरी-पायरीने औषध कसं द्यायचं याची पद्धत १९८६ मध्येच मांडली, आणि मॉर्फिनसारखं औषध नीट मोजून, हळूहळू वाढवत दिलं तर त्याने मरण लवकर ओढवत नाही. बहुतेकांची वेदना सोसण्याजोगी करता येते. सगळ्यांची शंभर टक्के जाते असं मी म्हणणार नाही, काहींना शेवटी गुंगीचं औषध द्यावं लागतं. अगदी शेवटच्या दिवसांत श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते, ते बघणाऱ्याला असह्य होतं पण माणूस स्वतः तेव्हा बहुतेक खोल झोपेत असतो. आपण नसणार या भीतीवर डॉक्टर म्हणून माझ्याकडे औषध नाही, ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने, विचाराने तिच्याशी जुळवून घ्यायचं, पण एक सांगते, ती मला आजाऱ्यांपेक्षा धडधाकट माणसांत जास्त आढळते.

आता ती चौथी भीती. यात माझं मत जरा ठाम आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या सगळ्यांच्या मनात एक चित्र असतं की शेवट जवळ आला की माणसाला सगळं लख्ख दिसायला लागतं, काय महत्त्वाचं होतं ते कळतं, मग तो माणसांना जवळ बोलावतो, सांगायचं ते सांगतो, माफ करतो, मागे काय ठेवायचं ते ठेवतो. तुमच्या सहकाऱ्याला तर एक मिनिटही मिळालं नाही. पण ज्यांना महिनोन्‌महिने आधी कळलेलं असतं त्यांनाही तो वेळ आपल्याला वाटतो तसा मिळत नाही हो. शेवटच्या काही आठवड्यांत माणूस दिवसाचा बराचसा भाग झोपलेला असतो, भूक जाते, गिळवत नाही, एक वाक्य बोललं की दम लागतो, काहींना दिवस-रात्रीचं भान राहत नाही. जागेपणीचे जे काही तास उरतात त्यात अंग पुसणं, कूस बदलणं, औषधं, भेटायला येणारी माणसं, यातच तो थकून जातो. आणि स्वभाव तोच राहतो. आयुष्यभर सगळ्यांची व्यवस्था लावणारी बाई खाटेवरूनही नर्सची ड्युटी कधी संपते ते विचारून तिला वेळेवर घरी पाठवते, मनातलं कधीच न बोललेला माणूस शेवटीही बोलत नाही. वर्षानुवर्षं न बोललेले भाऊ शेवटच्या आठवड्यात भेटले असंही पाहिलंय, नाही असं नाही, पण त्या भरवशावर आयुष्य ठेवू नये. आयुष्याचा अर्थ लावायचं काम शेवटासाठी राखून ठेवता येत नाही, ते धडधाकट असतानाच करावं लागतं. म्हणून तुमची अस्वस्थता मला बरोबर वेळी आलेली वाटते.

याचा अर्थ 'आजचा दिवस शेवटचा समजून जगा' असा घेऊ नका. हा सल्ला मला पटत नाही. आजचा दिवस शेवटचा असेल तर कोणी दातांच्या डॉक्टरकडे जाणार नाही, नवी भाषा शिकणार नाही, आईचे कागद नीट लावणार नाही, आणि आयुष्य तर बहुतांशी याच गोष्टींचं बनलेलं आहे. आणि गंमत म्हणजे ज्यांचे खरोखर शेवटचे दिवस असतात ते काय मागतात? खाट खिडकीपाशी सरकवा. स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत जाता आलं पाहिजे. कुत्र्याला आत येऊ द्या. एक बाई मला म्हणाल्या, "आजार कळल्यापासून माझी बहीण माझ्याशी भांडतच नाही, फार गोड बोलते, तिला सांगा ना डॉक्टर, नेहमीसारखी भांड म्हणून." त्यांना रोजचंच हवं होतं. तुम्ही सहकाऱ्याशी झालेल्या शेवटच्या वादाचं मनाला लावून घेतलंय म्हणून हे मुद्दाम सांगतेय. तो उद्या येणार हे गृहीत धरून तुम्ही त्याच्याशी रिपोर्टवरून भांडलात, म्हणजे तुमचं रोजचं, चांगलं चाललेलं नातं होतं. शेवटचं बोलणं सुंदर व्हावं असं आपल्याला वाटतं, पण त्या आधीच्या कित्येक वर्षांतल्या बोलण्यापुढे त्या एका संध्याकाळचं वजन फार नाही.

आता मागे काय राहणार याबद्दल. मी ज्या शाखेत काम करते तिच्या सुरुवातीलाच तुमच्यासारखा प्रश्न पडलेला एक माणूस आहे. डेव्हिड टास्मा त्याचं नाव. पोलंडहून आलेला ज्यू, लंडनमध्ये वेटरचं काम करायचा. ऑपरेशन होऊ शकणार नाही असा कॅन्सर, वय ४०, तिथे जवळचं म्हणावं असं कोणी नाही, आणि आपण जगात येऊन काहीच केलं नाही, आपली आठवण राहावी असं काही नाही, ही खंत. हॉस्पिटलमध्ये सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करणाऱ्या सिसिली साँडर्स त्याला भेटायला जायच्या. दोघं बोलायचे की मरणाऱ्या माणसासाठी अशा गजबजलेल्या वॉर्डपेक्षा बरी जागा असायला हवी, तिथे काय काय असावं. १९४८ मध्ये तो गेला आणि जाताना साँडर्सना ५०० पौंड देऊन गेला, तुमच्या त्या घरातली एक खिडकी मी होईन असं म्हणून. साँडर्स आधी नर्स होत्या, मग सामाजिक कार्यकर्ती, आता त्या मेडिकलला गेल्या, १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं घर, उघडलं. त्या खिडकीभोवती घर बांधायला १९ वर्षं लागली असं त्या म्हणायच्या. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, नात्यांची, श्रद्धेचीही असते आणि सगळ्यांकडे एकत्र बघावं लागतं हा त्यांचा विचार आज जगभर शिकवला जातो. मीही तोच शिकले.

दर वेळी खिडकीभोवती इमारत उभी राहत नाही हे मला माहितीये, आणि तुमच्या हातूनही असंच काही मोठं घडेल असं मला सुचवायचं नाही. मला त्यात वेगळं दिसतं. टास्माने स्वतःच्या आयुष्याचा हिशोब मांडला तेव्हा त्यातली सगळ्यात मोठी रक्कम अजून जमाच व्हायची होती, आणि ती जमा करणारी व्यक्ती दुसरीच होती. त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. त्याच्या हातात दोनच गोष्टी होत्या आणि त्या त्याने केल्या, मनात काय सलतंय ते समोरच्या माणसाला खरं खरं सांगितलं आणि जवळ होतं ते शुद्धीत असताना देऊन टाकलं.

माझ्या एका पेशंटची मुलगी मोबाईल घेऊन वडिलांच्या उशाशी बसायची, बाबा काहीतरी सांगा ना, आमच्यासाठी काहीतरी रेकॉर्ड करू. त्यांना सुचायचं नाही. नीट वागा, भांडू नका, एवढं बोलून डोळे मिटायचे आणि ती हिरमुसायची. एक दिवस मी गेले तेव्हा खाटेवर जुना रेडिओ उघडून ठेवलेला, स्पीकरची वायर सुटली होती. त्यांचे हात थरथरत होते म्हणून सोल्डरिंग आयर्न मुलीच्या हातात आणि ते तीन उशांना टेकून सांगतायत, "घाई नको, आधी सांधा तापू दे. आयर्न सोल्डरला नाही, सांध्याला लाव. आता सोल्डर टेकव. बघ, आपोआप ओढून घेतं की नाही." पहिल्यांदा गोळा झाला, त्यांनी तो काढायला लावला. दुसऱ्यांदा वितळलेलं सोल्डर चकाकत नीट पसरलं तसे ते "हं" एवढंच म्हणाले. पाचेक मिनिटांचं काम असेल, त्यानंतर ते तासभर झोपले. बऱ्याच महिन्यांनी मुलगी भेटली तेव्हा त्या रेकॉर्डिंगबद्दल एक अक्षर बोलली नाही, म्हणाली, आता कशाची घाई झाली ना की मला ते 'आधी सांधा तापू दे' ऐकू येतं. वडिलांनी हे मागे ठेवायचं असं ठरवलं नव्हतं. काय घ्यायचं ते तिने निवडलं.

म्हणून मला वाटतं की मागे काय राहावं हे ठरवणं आपल्या हातात फार थोडं असतं. लोक आपल्याकडून ते आत्ताच घेताहेत, रोज, आपल्याला न विचारता. तुमच्या मनात असलेलं, गेलेलं एखादं माणूस आठवा आणि तुमच्याकडे त्याचं नेमकं काय आहे ते बघा. बहुतेक एखादं वाक्य असेल, काम करायची एखादी लकब, हाताखालच्या माणसांशी ते कसं बोलायचे ते. पदं आणि बक्षिसं क्वचितच आठवतील. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की तो शॉर्टकट वापरताना हात थांबतो. त्या माणसाने तो तुम्हाला शिकवला तेव्हा तो काही मागे ठेवतोय असं त्याच्या डोक्यातही नसणार, आणि तुम्ही उद्या तो एखाद्या नव्या मुलाला शिकवाल. त्या मुलाला त्याचं नावसुद्धा माहीत नसेल, पण काम पुढे गेलेलं असेल. हात थांबला तर थांबू दे, त्यात बिघडलेलं काही नाही.

मूल नसण्याबद्दल. ते दुःख वेगळं आहे आणि ते मी कमी लेखत नाही, पण 'मूल असतं तर मी राहिलो असतो' हा हिशोब मला बरोबर वाटत नाही. प्रत्येकाला चार पणजोबा आणि चार पणज्या असतात, आठांची नावं किती जणांना सांगता येतील? तीन पिढ्यांत रक्ताच्या माणसांतही नाव पुसलं जातं. मरावे परी कीर्तिरूपे उरावे ही म्हण लहानपणापासून कानावर असते म्हणून आपण नावाला इतकं धरून बसतो, पण नावाशिवायही बरंच काही पुढे जातं. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये माणसाच्या वाढीचे टप्पे मांडले, त्यात मध्यमवयाचा टप्पा हाच आहे, पुढच्यांसाठी काही करावंसं वाटणं, आणि मुलं वाढवणं हा त्याचा फक्त एक मार्ग आहे, शिकवणं, घडवणं, सांभाळणं हेही त्यातच येतं. म्हणजे तुम्हाला जे होतंय ते या वयाचंही आहे, एकट्या त्या मृत्यूमुळे नाही.

तरी काहीतरी जाणीवपूर्वक मागे ठेवायचं असेल तर एक पद्धत आहे. हार्वे चोचिनोव या कॅनडातल्या मानसोपचारतज्ज्ञाने मरणाच्या उंबरठ्यावरच्या लोकांसाठी काही प्रश्न तयार केले, आयुष्यातला कोणता काळ सगळ्यात जिवंत वाटला, कोणती कामं करताना समाधान वाटलं, जवळच्यांना काय सांगायचं राहिलंय, त्यांच्यासाठी काय व्हावं असं वाटतं, अशा धर्तीचे. उत्तरं रेकॉर्ड करून, लिहून काढून, माणसाला वाचून दाखवतात, तो दुरुस्त्या करतो आणि मग ते त्याला हवं त्याला देता येतं. २००५ मध्ये १०० पेशंटच्या अभ्यासात ९१ टक्क्यांनी समाधान व्यक्त केलं आणि ७६ टक्क्यांना आपला आत्मसन्मान वाढल्यासारखा वाटला. नंतर २०११ च्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात मात्र मनाचा त्रास मोजून पाहिला तर नेहमीच्या काळजीपेक्षा ठळक फरक दिसला नाही, तरी लोकांना ते उपयोगी वाटलं. तेव्हा याने भीती जाईल अशी अपेक्षा नको. पण हे प्रश्न ४३व्या वर्षीही घेऊन बसता येतात, आणि तुम्हाला वरच्या मुलीसारखं एकट्याला धडपडावं लागणार नाही कारण विचारण्याजोगे प्रश्न तयार आहेत. बायकोला विचारा, आईला तर जरूर विचारा.

नोकरी. इथे मी हो किंवा नाही सांगू शकत नाही, ते पैशावर, आईच्या तब्येतीवर, बायकोच्या मतावर अवलंबून आहे आणि त्यातलं मला फार थोडं ठाऊक आहे. पण आत्ता लगेच सोडू नका एवढं नक्की म्हणेन, आणि त्यामागे कारण आहे. लॉरा कार्स्टेन्सन या स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञांचं काम असं सांगतं की हातात वेळ थोडा उरलाय असं वाटलं की माणसाच्या आवडीनिवडी बदलतात, नव्या ओळखी, नवं ज्ञान, भविष्याची बेगमी मागे पडते आणि जवळची मोजकी माणसं, मनाला भिडणाऱ्या गोष्टी पुढे येतात. हे फक्त वयाने होत नाही, गंभीर आजार असलेल्या तरुणांतही त्यांना तेच दिसलं. तुमच्या शेजारचं टेबल रिकामं झालं आणि तुमच्या डोक्यातला वेळ एका रात्रीत आखडला. तो हळूहळू पुन्हा पसरेल. पसरल्यावरही जे नकोसं वाटेल ते खरं नकोसं, आणि ते ओळखायला काही महिने द्यावे लागतात.

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं असं मात्र नाही. पश्चात्तापावर गिलोविच आणि मेदवेक यांनी १९९० च्या दशकात केलेलं काम प्रसिद्ध आहे, जवळच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचा जास्त पस्तावा होतो आणि मागे वळून पूर्ण आयुष्याकडे बघताना न केलेल्या गोष्टींचा. माझ्या पेशंटमध्ये हे दिसतं, फक्त एक भर घालते. न चाललेली वाट नेहमी स्वच्छ दिसते कारण तिच्यावर कधी पाय पडलेला नसतो. 'फार काम केलं, घराकडे लक्ष दिलं नाही' असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या त्याच कामावर चार माणसं शिकलेली असतात आणि ती माणसं खाटेशेजारी बसलेली असतात. त्यामुळे शेवटी लोकांना कशाचा पस्तावा होतो याच्या ज्या याद्या सगळीकडे फिरतात त्यांवर आयुष्याचे निर्णय घेऊ नका. जे 'अर्थपूर्ण' काम डोक्यात आहे ते आहे त्या नोकरीसोबत आठवड्यातून एक अर्धा दिवस करून बघा, त्यातला कंटाळवाणा भागसुद्धा, आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा, हे मी केलं असं कधीच कोणाला कळलं नाही तरी करावंसं वाटेल का? हो असेल तर पुढचं नियोजन करा, हप्ते, आईचा खर्च, सगळं कागदावर मांडून. नाही असेल तर तुम्हाला काम बदलायचं नसून कोणीतरी दखल घ्यायला हवी आहे, आणि तीही काही कमी खरी गरज नाही, फक्त तिचा उपाय राजीनामा नाही.

इथवर म्हणजे: डॉक्टरला भेटा, नोकरीचा निर्णय लांबवा पण दुसरं काम हातात घेऊन बघा, आणि मागे काय राहील याची चिंता शेवटावर ढकलू नका. राहिली ती मागे राहणाऱ्यांची काळजी, आणि इथे करण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. मला विचाराल तर घरच्यांना सगळ्यात जास्त काय छळतं, तर 'त्यांना काय हवं होतं तेच माहीत नाही'. व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे विचारल्यावर आयसीयूच्या दाराबाहेर मुलं, भाऊ, बायको एकमेकांकडे बघत राहतात, आणि जो कोणी हो किंवा नाही म्हणतो तो ते ओझं पुढे वर्षानुवर्षं वाहतो. दोन वाक्यं आधी बोललेली असती तर ते वाचलं असतं. तेव्हा, आपल्याला बोलता येत नसेल तर आपल्या वतीने कोणी बोलायचं, कुठपर्यंत उपचार हवेत, हे सांगून आणि लिहून ठेवा. मृत्युपत्र करा, नॉमिनी तपासा (जुन्या खात्यांवर भलतंच नाव असतं किंवा रिकामं असतं), कर्ज, विमा, पासवर्ड कुठे आहेत ते एका ठिकाणी लिहा, अवयवदानाचं मत असेल तर तेही. याचे कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत, वकिलाला विचारा. एक शनिवार-रविवार जाईल. मी असं पाहिलंय की ज्यांचं हे झालेलं असतं ते आजारपणात निवांतपणे भांडू शकतात, हसू शकतात, कारण डोक्यावर टांगलेलं काही नसतं. रात्री अडीचला जाग आली तर विचार करत पडण्यापेक्षा यादीत आणखी काय राहिलं ते लिहा आणि दिवा बंद करा.

आता बायको. ती उठून जाते म्हणजे तिला पर्वा नाही असा अर्थ बहुधा नाही. तुम्ही जेव्हा म्हणता 'मी गेलो तर मागे काय राहणार', तेव्हा तिला काय ऐकू येत असेल याचा विचार करा. एक तर 'मी जाणार', आणि दुसरं 'तू आहेस ते मोजण्यासारखं नाही'. मूल नाही हे दुःख तिचंही आहे. तेव्हा मरणापासून सुरुवातच करू नका. झोपेपासून करा. "त्याच्या जाण्यानंतर मला नीट झोप लागत नाहीये, मी डॉक्टरकडे जाणार आहे, तू येशील का?" एवढंच. हे ऐकून सहसा कोणी उठून जात नाही, कारण यात तिला करण्यासारखं काहीतरी आहे. कागदांचं काम काढताना 'मला काही झालं तर' असं म्हणण्याऐवजी "आपल्या दोघांचे कागद एकत्र लावू, तुझी खाती मला माहीत नाहीत" असं म्हणा. उपचारांचा विषय स्वतःवरून काढण्यापेक्षा तिला विचारा, तुला बोलता येत नसेल तर मी डॉक्टरांना काय सांगायचं? स्वतःबद्दल विचारलं तर माणसं बोलतात, आणि मग पाळी तुमच्यावर येतेच.

तिने विषय बदलला तर बदलू द्या, काही दिवस जाऊ द्या. मागे लागू नका आणि दर वेळी तेच गंभीर तोंड करून समोर बसू नका, शेजारी बसून दुसरं काही करताना, गाडीत, चालताना, हे बोलणं सोपं जातं कारण एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागत नाही. बरेचदा असं होतं की ज्याने विषय टाळला तोच एखाद्या दिवशी भलत्या वेळी विचारतो, आणि नेमके आपण तेव्हा 'आत्ता नको' म्हणतो. तिने विचारलं तर हातातलं ठेवा आणि तेव्हाच बोला. आणि तेव्हाही ती नाहीच बोलली तर डॉक्टरकडे गेल्यावर त्यांच्यासमोर हा विषय काढा, तिऱ्हाईत माणूस खोलीत असला की नवरा-बायकोंना एकमेकांना सांगता येतं, माझ्याकडे तर हे रोजचं आहे. डॉक्टरकडे जाऊन आलात की काय झालं ते इथे लिहा.